किरणोपचार आणि निरोगी त्वचा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: स्तनाच्या कर्करोगासाठी आईला शेक देत आहेत. पहिले दोन आठवडे काहीच जाणवले नाही. आता छातीची त्वचा काळवंडली असून आग होते. किरणांनी कातडी भाजते का?

उत्तर: नाही, ही उष्णतेची इजा नव्हे. २ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रेतून किलोभर ऊतीला अवघी २ जूल ऊर्जा मिळते आणि तेवढ्याने तापमान अंशाच्या हजाराव्या भागानेही वाढत नाही. इजा होते ती रासायनिक. क्ष-किरणांमुळे पेशीतल्या पाण्याचे रेणू फुटतात आणि हायड्रॉक्सिल मूलके, म्हणजे त्या रेणूंचे अस्थिर तुकडे, तयार होतात. ती इतकी क्रियाशील असतात की काही नॅनोमीटरच्या आतच डीएनए, प्रथिने किंवा पेशीपटलातील मेद, जे गाठेल त्याची मोडतोड करून संपतात. क्ष-किरणांमुळे डीएनएला होणाऱ्या इजेपैकी सुमारे दोन तृतीयांश इजा या आडमार्गाने होते आणि जवळ ऑक्सिजन असल्यास ती पक्की होऊन दुरुस्तीला अवघड जाते. पुढे दाह सुरू झाला की तेथे जमणाऱ्या पांढऱ्या पेशी आणखी ऑक्सिडीकारक द्रव्ये सोडतात.

मार बसतो तो त्वचेच्या तळाशी सतत विभागणाऱ्या पेशींना. वरचे थर आधीच तयार असल्याने ते झडेपर्यंत तूट दिसत नाही. म्हणूनच त्रास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर लाली लपते आणि काळेपणाच आधी नजरेत भरतो, त्यामुळे आग किंवा खाज सुरू होताच डॉक्टरांना सांगावे.

प्रश्न: काखेत आणि स्तनाखालीच कातडी का सोलवटते?

उत्तर: ६ एमव्ही (मेगाव्होल्ट, किरणांची ताकद सांगणारे माप) किरणांची मात्रा त्वचेखाली सुमारे दीड सेंटीमीटरवर सर्वाधिक असते, पृष्ठभागावर कमी. घडीत मात्र कातडीवर कातडी टेकते, वरचा थर जणू खोलवर जातो आणि त्याला जास्त मात्रा मिळते. त्यात घाम आणि घर्षणाची भर पडते.

प्रश्न: हळदीचा लेप लावावा का? व्हिटॅमिन ईच्या गोळ्या घेतल्या तर?

उत्तर: गोळ्या स्वतःहून मुळीच घेऊ नयेत. व्हिटॅमिन ई मूलकांना निष्प्रभ करते, पण ज्या मूलकांपासून त्वचेला वाचवायचे, तीच कर्करोगाच्या पेशीला मारतात. कॅनडात डोके व मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवर व्हिटॅमिन ई आणि बीटा-कॅरोटिनची चाचणी झाली. २००५ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांत तीव्र दुष्परिणाम काहीसे कमी होते, पण कर्करोग मूळ जागी परतण्याचे प्रमाण वाढण्याकडे कल दिसला. हा सौदा मला मान्य नाही. हळदीतील कर्क्युमिनचा ३० रुग्णांच्या छोट्या चाचणीत फायदा दिसला होता. ६८६ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत तो टिकला नाही. लेप वाळून खरवडताना नाजूक कातडीच निघते, म्हणून तोही नको. कोमट पाणी व सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवावे, टिपून कोरडे करावे, सैल सुती कपडे घालावेत. मोमेटासोनसारखे स्टेरॉइड मलम उपयोगी पडते, पण डॉक्टरांनी दिले तरच.

प्रश्न: उपचार संपून दोन वर्षे झाली, आता कातडी घट्ट का होत आहे?

उत्तर: ऑक्सिडीकरणाचा ताण काही ऊतींत दीर्घकाळ रेंगाळतो, तंतुपेशी जास्त कोलॅजन (ऊतींना आधार देणारे तंतुमय प्रथिन) तयार करतात आणि ऊती ताठरतात. खांद्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. मात्र नवी गाठ किंवा न भरणारी जखम दिसल्यास ती याचाच भाग असेल असे गृहीत न धरता लगेच तपासून घ्यावी.