लिहून मन मोकळं करताय? मग हे आधी वाचा
तुम्ही म्हणताय लिहून झालं की अजूनच रडू येतं, बंद करू का. लगेच नका करू. अमेरिकेत टेक्सासमधे मानसशास्त्राचे संशोधक जेम्स पेनेबेकर आणि सॅन्ड्रा बील यांनी १९८६ मधे जो प्रयोग छापला त्यात कॉलेजच्या मुलांचं हेच झालं होतं, सलग ४ दिवस रोज १५ मिनिटं मनात दाबून ठेवलेलं लिहायचं, लिहून उठल्यावर मूड खाली, बीपी पण जरा वर, पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिलं त्यांच्या पुढच्या ६ महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. दोन्ही, हे महत्त्वाचं. मी दोन वर्षं नुसतं 'खूप राग आलाय' एवढंच लिहीत होतो, काही हललं नाही.

शुद्धलेखन सोडा, कुणाला दाखवायचं नाहीये, फाडून टाकलंत तरी चालेल. नंतरच्या अभ्यासात असं दिसलं की ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण', 'आता कळतंय' असे शब्द वाढत गेले त्यांची तब्येत जास्त सुधारली, म्हणजे तेच तेच उगाळत बसलात तर उपयोग नाही, रोज थोडं पुढे सरका.

फायदा सरासरीने छोटाच असतो बरं का, २००६ मधे १४६ प्रयोग एकत्र तपासले तेव्हा तेच निघालं. जखम अगदी ताजी असेल तर काही आठवडे जाऊ द्या. लिहिताना सहन होईना तर विषय बदला, आणि जीव नकोसा वाटला तर वही ठेवा बाजूला आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, मराठीत बोलता येतं.