गाडीचा सल्ला : शेवटच्या रांगेत कोण बसणार?

प्रश्न : आम्ही डिचोलीला राहतो. घरात सात माणसं : आम्ही दोघं, सासू-सासरे, आतेसासूबाई, बारा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. सगळ्यांना एकत्र नेणारी मोठी गाडी घ्यायची आहे. यजमानांच्या मनात फॉर्च्युनर आहे, दीर सफारी घ्या म्हणतात, मी इनोव्हा हायक्रॉस बघून आले. चवथीला आम्ही सगळे सत्तरीतल्या मूळ घरी जातो, अधूनमधून चोर्ला घाटातून कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला. एरवी मुलांची शाळा आणि म्हापशाचा बाजार. काय बघून ठरवावं?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, पत्रात तुम्ही सात माणसं मोजून लिहिलीत, पण शेवटच्या रांगेत कोण बसणार ते लिहिलं नाहीत. सगळा निर्णय तिथेच आहे. शोरूममध्ये गेलात की बोनेट आणि सनरूफ राहू द्या, आधी मागचं दार उघडा आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसा. दार लावून घ्या, एसी लावायला सांगा आणि चांगला अर्धा तास बसून राहा.

फॉर्च्युनर लॅडर फ्रेमवर, म्हणजे ट्रकसारख्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेली आहे. त्यामुळे फरशी उंच येते आणि मागच्या सीटला खाली जागा उरत नाही. मोठं माणूस बसलं की गुडघे पोटापेक्षा वर जातात. मांडीखाली हात घालून बघा, हात आरपार जातो. म्हणजे मांडीला आधार नाही, सगळा भार कमरेवर. डिचोली ते म्हापसा हे चालून जाईल. कोल्हापूरपर्यंत आतेसासूबाईंना असं बसवणं मला पटत नाही. हायक्रॉसची लांबी ४७५५ मिलिमीटर, म्हणजे फॉर्च्युनरपेक्षा ४० मिलिमीटर कमीच. पण तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २८५० आहे, फॉर्च्युनरचा २७४५ आणि सफारीचा २७४१. तो जवळजवळ दहा सेंटिमीटरचा फरक मागच्यांच्या गुडघ्यांना मिळतो.

सासूबाईंना नक्की बरोबर न्या, आणि नेहमीचं लुगडं-साडी नेसूनच. मधल्या सीटवर त्या स्वतःच्या बळावर चढतात का, ते बघा. एका हाताने निऱ्या धरल्या की आधाराला एकच हात उरतो. दारालगतची मूठ त्या हाताला सहज लागली पाहिजे. उतरताना तर आणखी नीट बघा, कारण म्हातारी माणसं पडतात ती उतरताना. उंच गाडीला पायदान हवंच, आणि पावसात ते निसरडं होतं हेही लक्षात ठेवा.

धाकट्याची चाइल्ड सीट मधल्या रांगेत बसेल. सात सीटच्या सफारीत आणि फॉर्च्युनरमध्ये मधे तिघांचं बाक आहे. ज्या बाजूला चाइल्ड सीट बांधली, त्या बाजूचं बाक पुढे लोटून मागे जाता येत नाही, दुसऱ्या बाजूनेच जावं लागतं. तुमची सीट घरून घेऊन जा आणि तिथे बांधूनच बघा.

हायक्रॉस सात आणि आठ सीटची मिळते. सात सीटच्या गाडीत मधे दोन वेगळ्या खुर्च्या आणि मागे तिघं. तुमच्या घरात मागे तिघं बसवणं म्हणजे कोणीतरी अवघडून बसणार. आठ सीटची घेतलीत तर मधे तिघं, मागे दोघंच ऐसपैस. मागे मुलगी आणि तुम्ही, मधे सासूबाई, आतेसासूबाई आणि धाकटा, पुढे यजमानांशेजारी सासरे. मी तुमच्या जागी असते तर हीच मांडणी केली असती. घाटात वळणं सुरू झाली की मागच्या चाकांच्या वर बसलेल्यांना जास्त हेलकावे बसतात. मुलीला गाडी लागत असेल तर तिला मधे घ्या.

सुरक्षेच्या ताऱ्यांबद्दल एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. सफारीला भारत एनकॅपचे, म्हणजे गाड्या धडकवून बघणाऱ्या सरकारी चाचणीचे, पाच तारे २०२३ सालीच मिळाले, हायक्रॉसलाही पाच मिळाले आहेत. पण समोरच्या धडकेच्या चाचणीत पुढे दोन मोठ्यांचे पुतळे असतात आणि मधल्या रांगेत दोन मुलांचे. तिसऱ्या रांगेत कोणीच नसतं. म्हणून मागे प्रत्येकाला खांद्यावरून येणारा पट्टा आणि डोकं टेकायला हेडरेस्ट आहे का, पडद्यासारखी एअरबॅग शेवटच्या खिडकीपर्यंत पोचते का, हे माहितीपत्रकात शोधा आणि सेल्समनकडून लिहून घ्या.

आता सत्तरीचं घर. तिथला शेवटचा तुकडा मातीचा आणि चढाचा असेल, तर हायक्रॉस आणि सफारी दोन्ही पुढच्या चाकांवर चालतात हे ध्यानात घ्या. मागे माणसं आणि डिकीत माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचे) नारळ, सुपारीचे घड, कपड्यांच्या बॅगा भरल्या की गाडीचं नाक हलकं होतं आणि ओल्या तांबड्या मातीत पुढची चाकं जागच्या जागी फिरतात. इथे यजमानांचं म्हणणं खरं आहे : चारही चाकांना जोर देणारी फोर-बाय-फोर फॉर्च्युनर तो चढ निवांत चढेल, आणि ऑटोमॅटिक डिझेलचा ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, भरल्या गाडीला चोर्ल्यातही कमी पडत नाही. पण दारापर्यंत डांबर किंवा काँक्रीट असेल तर त्या ताकदीचे पैसे कशाला भरायचे? आणि तिन्ही गाड्यांत तिसरी रांग उघडी असताना डिकी लहानच उरते. फॉर्च्युनरच्या मागच्या सीट तर दुमडून खिडक्यांना टांगाव्या लागतात. हायक्रॉसच्या फरशीत सपाट बसतात.

घराच्या फाटकाची रुंदी टेपने मोजा. सफारी १९२२ मिलिमीटर रुंद आहे, फॉर्च्युनर १८५५, हायक्रॉस १८५०, आरसे वेगळे. दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे असलेल्या वाटेत ते सात सेंटिमीटर रोज जाणवतील.

माझं मत : घरापर्यंत पक्का रस्ता असेल तर आठ सीटची हायक्रॉस हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरीवरच्या मोटरची जोड असलेली. तिला कोणी एसयूव्ही म्हणणार नाही, रुबाबातही फॉर्च्युनरच सरस. पण सातही जणांना माणसासारखं बसता येईल अशी या तिघींत तीच आहे. टेस्ट ड्राइव्हला सातही जण बसा आणि चढाचा रस्ता मागून घ्या.

प्रश्न : रोजचं जाणं-येणं चार-पाच किलोमीटरचं. मोठी एसयूव्ही डिझेलची घ्यावी का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : नको. आजच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती काजळी जळायला गाडी बराच वेळ एका वेगाने पळावी लागते. बाजार आणि घर एवढंच केलंत तर जाळी तुंबते, दिवा लागतो आणि वर्कशॉपच्या फेऱ्या सुरू होतात. दर आठवड्याला मडगाव किंवा काणकोणपर्यंत जात असाल तर डिझेल खुशाल घ्या.

प्रश्न : किनाऱ्यालगत राहणाऱ्यांची जुनी सात-सीटर मिळते आहे. काय तपासू?
– एक वाचक, वास्को

उत्तर : गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघा. खाऱ्या हवेने सायलेन्सरचे जोड, ब्रेकचे पाइप आणि सस्पेन्शनचे बोल्ट आधी गंजतात. नुकताच काळा रंग मारलेला दिसला तर नखाने खरवडून बघा. मग तिसऱ्या रांगेचे पट्टे पूर्ण ओढून सोडा, आपोआप आत गेले पाहिजेत. मागचा एसी ऐन दुपारी लावून पाहा. त्याची दुरुस्ती महाग पडते, तेवढी रक्कम किमतीतून आधीच कमी करून घ्या.