चार ते सात

प्रिय मावशी,

मी डोंबिवलीला राहते, वय ३२. मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी नऊ महिन्यांची. नवरा सकाळी साडेसातला बाहेर पडतो तो रात्री नऊला घरी. सासू-सासरे कराडला असतात.

गेल्या मंगळवारी पावसामुळे शाळेला सुट्टी दिली. कामवाल्या ताईंचाही फोन आला, येत नाही म्हणून. धाकटीचे दात येतायत, त्यामुळे आदल्या रात्री मला सलग दोन तासही झोप नव्हती. दुपारी दोघंही झोपली नाहीत. साडेपाचला मी कुकर लावत होते, तेवढ्यात मुलाने कणकेचा डबा उपडा केला, वर तांब्याभर पाणी ओतलं, आणि धाकटी त्यातून रांगत गेली. मी त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले. जोरात. ती घाबरून किंचाळायला लागली. तिला उचललं आणि क्षणभर वाटलं, हिला गदागदा हलवावं. हलवलं नाही, कॉटवर ठेवलं. पण माझे हात थरथरत होते.

रात्री झोपताना मुलाने विचारलं, ‘उद्या पण पाऊस आहे?’ मला काही बोलताच आलं नाही. सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, ‘आम्ही चार वाढवली, आमचे नाही कधी हात थरथरले.’

मी वाईट आई आहे का? आणि असा दिवस परत आला तर काय करू?

– एक आई

* * *

अगं,

पहिल्यांदा पत्र वाचलं तेव्हा मी त्या कणकेवरच अडकले. ओली कणीक फरशीला एकदा धरली की फडक्याने निघत नाही, उलथन्याने खरवडावी लागते. शिवाय त्यातून रांगलेलं मूल म्हणजे गुडघे, फ्रॉक, सतरंजी, सगळंच. ते सगळं नंतर तूच निस्तरलं असशील, कुकरच्या शिट्ट्या मोजत. तू ते लिहिलेलं नाहीस.

आता धाकटीचं आधी बोलू. हलवावंसं वाटलं आणि तू तिला कॉटवर ठेवलंस, हे त्या दिवसातलं सगळ्यात शहाणपणाचं काम. एवढ्या लहान मुलाची मान कच्ची आणि डोकं जड. जोरात हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, जन्माचं नुकसान होऊ शकतं, जीवही जाऊ शकतो. पाच मिनिटं रडल्याने असलं काही होत नाही. पुन्हा तसं वाटलं तर हेच कर. फक्त रांगणारं मूल कॉटवरून पडतं, म्हणून तिला कठडा असलेल्या पाळण्यात ठेव, नाहीतर सरळ जमिनीवर गादी घालून. थोरल्याला आपल्याबरोबर घे, दार ओढ, बाल्कनीत जाऊन तोंडावर पाणी मार. ती रडत असली तर रडू दे. पाच मिनिटांनी जा.

दुसरं, स्वतःचं रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड, दोन्ही. २०१९ ते २१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांमागे ५७ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं होतं. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइडही बिघडू शकतं, आणि मग बाई चिडते, रडते, दमते, आणि घरातले म्हणतात स्वभावच तापट झाला. मूल झोपलं असतानाही तुला झोप लागत नसेल, जेवण नकोसं झालं असेल, पंधरा दिवस असंच चाललं असेल, तर हे ‘वाईट दिवसा’च्या पुढचं आहे. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात कधीही गाठतं, नऊ महिने उलटले म्हणून सुटलो असं नाही. डॉक्टरांकडे जा. स्वतःला किंवा मुलांना काही करावं असा विचार मनात आला तर त्याच घडीला १४४१६ लाव. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता धपाटे. ते चुकलंच. ‘आम्हीही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं’ या वाक्याचा मला कंटाळा आलाय, त्यामुळे ते मी तुला ऐकवणार नाही. त्याची माफी माग. आठवडा झाला तरी माग. मांडीवर घे आणि सांग, ‘त्या दिवशी मी तुला मारलं. मला खूप राग आला होता. राग आला तरी मारायचं नसतं. माझं चुकलं.’ एवढंच. ‘पण तूही कणीक सांडलीस ना’ हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळ. त्या ‘पण’ने सगळी माफी परत घेतली जाते. तो ऐकून पळून जाईल, किंवा मध्येच विचारेल की पालीला दात असतात का. चालेल. त्याला ऐकू गेलेलं असतं.

सासूबाईंनी चार वाढवली हे खरंच असणार. पण कुणाकुणाच्या हातांनी वाढवली ते एकदा विचार त्यांना, वादासाठी नको, खरंच विचार. ओसरीवर आजेसासरे, मागल्या दारी जाऊ, परकरातली नणंद मूल कडेवर घेऊन गावभर फिरणारी. मूल कुठंय हे तासभर आईला ठाऊकच नसायचं. तुझ्याकडे साडेपाच वाजता दोन हात होते, त्यातला एक कुकरच्या झाकणावर.

मी दादरला चाळीत राहायचे. थोरला चारचा असताना एका दुपारी मी त्याला दंडाला धरून गॅलरीत उभं केलं आणि आतून कडी लावली. शेजारच्या काकूंनी त्याला उचलून नेलं, पोहे खायला घातले, तासाभराने आणून सोडलं. एक शब्द बोलल्या नाहीत. आज त्याला ते पोहे आठवतात, गॅलरी आठवत नाही. निदान तो तसं म्हणतो. तेव्हा तुझ्या मजल्यावर जी दारं आहेत, त्यातलं एक तरी ओळखीचं करून ठेव, आणि ते चांगल्या दिवशी. वाटीभर काहीतरी घेऊन जा. ‘कधी अर्धा तास याला बसवून घ्याल का?’ हे शांतपणे विचारता येतं, भडका उडाल्यावर नाही.

तुझा दिवस कुठे फुटला बघ. साडेपाचला. माझ्याकडे येणाऱ्या अशा पत्रांत वेळ बहुतेक हीच असते, चार ते सात. दुपारची झोप फिसकटलेली, पोरांच्या पोटात काही नाही, तुझा सकाळचा चहाचा दम संपलेला, आणि नेमका तेव्हाच स्वयंपाक काढायचा. म्हणून असल्या दिवशी सकाळ राखत बसू नकोस, संध्याकाळ राख. रात्रीची मुगाची खिचडी दुपारीच शिजवून फ्रीजमध्ये टाक, संध्याकाळी पाणी घालून वाफ आण. त्या दिवशी पोळ्या नाहीत. नवऱ्याला हव्या असल्या तर स्टेशनबाहेर पोळी-भाजी केंद्र असतंच.

साडेचारला पोरांना पोटभर खायला घाल, बिस्किटं नव्हेत. मऊ भात, तूप, थोरल्याला वर मेतकूट. पोर ऐकत नाही म्हणतो ते निम्म्या वेळा भुकेलं असतं, आणि आईही. तूसुद्धा त्याच ताटलीतून चार घास खा.

मग पाणी. न्हाणीघराच्या फरशीवर थोरल्याला बसव, अर्धी बादली पाणी, आंघोळीचा मग, चहाची गाळणी, दोन-तीन स्टीलच्या वाट्या. या वाटीतलं त्या वाटीत. तू दारात पाट टाकून धाकटीला मांडीवर घेऊन बस आणि उठू नकोस, रांगणाऱ्या मुलाला बुडायला बादलीतलं वीतभर पाणीही पुरतं. फोन वाजला तर वाजू दे. अर्धा-पाऊण तास जातो. तो कणीक आणि पाणी का कालवत होता असं तुला वाटतं? तू रोज तेच करतेस, तो बघत असतो. उद्या मुठीएवढा गोळा त्याच्या हातात दे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाड्या उभ्या केल्या त्या पानं, बिया, शंख-शिंपले असल्याच वस्तूंवर. तुझ्या घरी मात्र बिया आणि मटार सध्या वरच्या फळीवर, धाकटी सगळं तोंडात घालण्याच्या वयात आहे.

टीव्हीबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणजे लाज वाटत असणार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय, वर्षाच्या आतल्या मुलाला पडदा नकोच, आणि तीन-चार वर्षांच्याला दिवसात जास्तीत जास्त एक तास. तेव्हा धाकटीची पाठ टीव्हीकडे कर आणि थोरल्याला अर्धा तास कार्टून लावून दे. पण केव्हा? हुकमाचं पान पहिल्याच हाताला टाकायचं नसतं. सकाळी अकराला टीव्ही लावलास तर साडेपाचला तुझ्या हातात काय उरलं? सकाळी वाटेल ते होऊ दे, टीव्ही पावणेसहाला.

नवऱ्याशी बोलायचंय, पण रात्री दहाला नको. लोकलमधून चेंगरून आलेला माणूस आणि दिवसभर रडणं ऐकलेली बाई, दोघंही त्या वेळी फक्त भांडू शकतात. रविवारी सकाळी बोल. ‘मला मदत कर’ असं म्हणू नकोस, मुलं त्याचीही आहेत. नेमकं माग. आठवड्यातून दोन रात्री धाकटीला उठायचं त्याने. रविवारी सहा ते दहा दोन्ही मुलं त्याची, तू दुसऱ्या खोलीत, दार बंद. रेड अलर्टच्या दिवशी ऑफिस घरून काम देतं का, हे त्याने आत्ताच विचारून ठेवायचं. तो म्हणेल जमणार नाही. मग काय जमेल ते त्याने सांगावं, तू सुचवत बसू नकोस.

तू वाईट आई आहेस का, हा प्रश्न साडेपाचचा आहे. साडेपाचला पडलेल्या प्रश्नांची उत्तरं मी देत नाही. चार रात्री झोप आणि मग वाटलं तर पुन्हा लिही.

आणि त्याने विचारलेलं राहिलंच. ‘उद्या पण पाऊस आहे?’ तू त्यात भीती ऐकलीस. असेलही. पण साडेतीन वर्षांचा मुलगा शाळेला दांडी मिळते का, हेही याच शब्दांत विचारतो. आता पुन्हा विचारलं तर सांग, हो, आहे. रेनकोट चढवून दोघांना खाली पार्किंगमध्ये ने. तिथे कडेला, जिथे वरून पन्हळीचं पाणी पडतं, तिथे डबकं झालं असेल. गमबूट शोधायला त्यालाच पाठव. उजव्या पायातला बहुतेक कॉटखाली असेल.

– मावशी