गाडीत बसणाऱ्याचे कसब

प्रश्न : जॉकी घोड्याच्या पाठीवर तोल सांभाळत दौडतो, त्यातले कौशल्य दिसते. परंतु घोड्याला दोन चाकांची हलकी गाडी जोडून होणाऱ्या हार्नेस शर्यतीत चालक निवांत बसलेला असतो. त्याचे काम त्या मानाने सोपे नाही का?

उत्तर : बसण्यापुरते सोपे आहे, हाकण्यापुरते मुळीच नाही. या शर्यतीत घोड्याने ठरावीक चालच राखायची असते. ट्रॉटर तिरप्या रेषेतले पाय, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा असे, जोडीने उचलतो, तर पेसर एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो. वेग वाढला की चौखूर उधळण्याची घोड्याची ओढ स्वाभाविक असते; पण तसे झाल्यास चालकाला त्याला लगेच आवरून पुन्हा चालीवर आणावे लागते, त्यात अंतर गमवावे लागते, आणि ही चूक लांबली किंवा तिचा फायदा मिळाला तर घोडा बादही होतो. म्हणजे वेग अगदी काठापर्यंत न्यायचा आणि काठ ओलांडू द्यायचा नाही. जॉकीला पोटऱ्या, बैठक आणि अंगाचा भार यांतून घोड्याशी बोलता येते. मागे बसलेल्या चालकाजवळ लगाम, आवाज आणि चाबूक एवढेच असते. एका हातातला लगाम किंचित सैल पडला किंवा घोड्याने मान तिरकी केली, तर चाल मोडण्याआधीच त्याला ते ओळखावे लागते.

शिवाय गाडीमुळे घोड्यामागची जागा अडते. आतल्या बाजूने कोंडलेला चालक मोकळी वाट मिळेपर्यंत अडकून राहतो, तर बाहेरून धावणाऱ्याला प्रत्येक वळणावर जास्त अंतर कापावे लागते. पुढच्या गाडीच्या आडोशाला राहून वारा चुकवायचा आणि नेमक्या वेळी बाहेर पडायचे, हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. माझ्या मते निष्णात चालक खरा इथेच ओळखू येतो.

स्वारीचे श्रेय यामुळे कमी होत नाही. पोलिओमुळे गुडघ्याखालचे पाय निकामी झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याकडून ठरावीक हालचाली सफाईने करवून घेण्याच्या स्पर्धेचे, रौप्यपदक मिळवले. घोड्यावर चढण्या-उतरण्यासाठी त्यांना मदत लागत असे. बैठकीवरच्या प्रभुत्वाचा याहून बोलका दाखला क्वचितच सापडेल. चालकाला मात्र एक सवलत आहे : भार चाकांवर पडत असल्याने जॉकीसारखी वजनाची काटेकोर मर्यादा त्याला जाचत नाही, आणि साठी उलटलेले चालकही शर्यतीत उतरतात.