यारोस्लाव्हलला जाताय? मग व्होल्कोव्ह नाट्यगृहात जाच

मेडिकलसाठी रशियातल्या यारोस्लाव्हलला निघालोय, रशियन जेमतेम येतं, तर तिथल्या नाटकांतून काही पदरात पडेल का, असं तुम्ही विचारलंय. पडेल. पहिल्याच हिवाळ्यात जायला लागा.

व्होल्कोव्ह नाट्यगृह शहराच्या ऐन मध्यावर आहे, चौकालाही व्होल्कोव्हचंच नाव. फ्योदर व्होल्कोव्हने 1750 मध्ये याच शहरात एका कोठारात नाटकं सुरू केली. रशियाची व्यावसायिक रंगभूमी तिथून सुरू झाली असं मानतात आणि गावाला त्याचा मोठा अभिमान आहे. आजची इमारत 1911 ची.

नटसंच कायमचा, पगारी. आज एक नाटक, उद्या दुसरं. एक तारीख हुकली की तेच नाटक पुन्हा लागायला कधीकधी महिना जातो, म्हणून महिन्याचं वेळापत्रक आधीच पाहून ठेवा. भर उन्हाळ्यात नाट्यगृह बंद असतं.

भारतीय बँकेचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड 2022 पासून रशियात चालत नाही. तिथल्या बँकेचं मीर कार्ड हाती येईपर्यंत तिकीट खिडकीवर रोख रुबल द्या. वर्गातली मुलं पुश्किन कार्ड (तरुणांना सरकारी पैशातून नाटक-संग्रहालयांची तिकिटं काढू देणारं कार्ड) सुचवतील, पण ते फक्त रशियन नागरिकांना मिळतं. बाल्कनी स्वस्त पडते, तरी भाषा कच्ची असताना पुढच्या रांगाच घ्या. नटांचे चेहरे दिसले की निम्मं नाटक कळतं. तिकीट परत करायचं तर प्रयोगाच्या 10 दिवस आधी करा, पैसे पूर्ण मिळतात. शेवटच्या 3 दिवसांत काहीच मिळत नाही.

थंडीतला कोट घालून आत सोडत नाहीत. तो 'गार्देरोब'मध्ये, म्हणजे कोट ठेवायच्या खोलीत, द्यायचा आणि नंबराचा बिल्ला घ्यायचा. कोट खुंटीला लावतात, त्यामुळे कॉलरच्या आत अडकवायचा बंद हवाच. आपल्याकडच्या जॅकेटला बहुतेक नसतो. निघण्यापूर्वी शिवून घ्या, नाहीतर कोट घेणाऱ्या आजीबाईंची बोलणी ठरलेली. बिल्ला हरवला तर दंड भरावा लागतो. बर्फातले बूट बदलायला पिशवीत साधे बूट न्या, बायका तर हमखास नेतात. लोक नटूनथटून येतात, ट्रॅकसूट बरा दिसत नाही.

घंटा आपल्यासारख्याच तीन. तिसरीनंतर आलात तर तुमची खुर्ची विसरा, फार तर बाल्कनीत पाठवतील. रांगेतून जाताना बसलेल्यांकडे तोंड करून सरका, पाठ करून नाही.

सुरुवात गोगोल किंवा चेखवच्या नाटकापासून करा आणि कथानक आधी वाचून जा. नटांना फुलं द्यायची असतील तर विषम संख्येनेच न्या. सम संख्येची फुलं तिथे मयताला नेतात.