क्विझ बोलचा निकाल वाचताना

क्विझ बोलमध्ये, म्हणजे बझर दाबून उत्तरं द्यायच्या सांघिक प्रश्नमंजुषेत, तुमची टीम सातवी आली म्हणून तोंड पाडून बसू नकोस. क्रमांकाचा रकाना मी सगळ्यात शेवटी बघतो. सकाळच्या साखळीत एखादा सामना थोडक्यात हातचा गेला की टीम खालच्या गटात पडते, आणि मग दुपारी सगळे सामने जिंकलात तरी त्या गटाच्या वर सरकता येत नाही.

आधी बोनसची सरासरी बघ. टॉसअप, म्हणजे दोन्ही टीमना खुला असलेला बझरचा प्रश्न, बरोबर आला की त्या टीमला बोनस मिळतो: दहा-दहा गुणांचे तीन उपप्रश्न, म्हणजे कमाल 30. तिथे बझरची शर्यत नसते, समोरची टीम गप्प असते. टीमला खरंच किती येतं ते इथेच उघडं पडतं. दर सामन्याचे गुण मात्र फसवे. दुबळे प्रतिस्पर्धी मिळाले की ते फुगतात.

तुलना करायचीच तर त्याच प्रश्नसंचावर दुसऱ्या ठिकाणी खेळलेल्या टीमशी कर. एसीएफ या संस्थेच्या फॉल स्पर्धेचे आकडे तिच्याच रीजनल्स स्पर्धेला लावलेस तर उगाच हिरमुसशील, कारण रीजनल्सचे प्रश्न बरेच अवघड असतात. एनएक्यूटी या दुसऱ्या संस्थेच्या स्पर्धांमध्ये लवकर बझर दाबून बरोबर उत्तर देणाऱ्याला टॉसअपचे 10 ऐवजी 15 मिळतात, तोही हिशेब वेगळा.

वैयक्तिक तक्त्यात तुझ्या नावापुढे एकही उणे 5, म्हणजे प्रश्न मध्येच तोडून चुकीचं उत्तर दिल्याचा दंड, नाही. हे कौतुकाचं नाही हं! उत्तर सुचूनही तू प्रश्न संपायची वाट बघतोस. आणि गुण कमी दिसतात त्याचं फार मनावर घेऊ नकोस. शेजारी पक्का खेळाडू असला की तुझ्या वाट्याचे टॉसअप तोच आधी उचलतो.