वाचकांचे प्रश्न : चार दारांची ‘चार्जर’ घेताना

डॉज चार्जरचं ब्रॅम्प्टन, ऑन्टारियो इथलं उत्पादन डिसेंबर २०२३मध्ये थांबलं. तेव्हापासून या गाडीबद्दल आमच्याकडे येणारी पत्रं जवळजवळ सगळी जुन्या गाडीच्या खरेदीची असतात. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत.

एडिसन, न्यू जर्सी : आम्ही दोघं, नऊ आणि पाच वर्षांची मुलं, आणि वर्षातले चारपाच महिने सासू-सासरे. नवऱ्याला आमची जुनी सेडान देऊन चार्जर घ्यायची आहे. ‘मसल कारही आणि फॅमिली कारही’ असं त्याचं म्हणणं. खरंच तसं आहे का? घ्यायचीच तर कोणती?

मसल कारचा, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या वेगवान गाडीचा, वारसा आहे तो नावाचा आणि इंजिनांचा. १९६६ची मूळ चार्जर दोन दारांची होती. ४२६ हेमी हे मोठं व्ही-८ इंजिन आणि नॅस्कर या अमेरिकन मोटार शर्यती यांनी तिचं नाव झालं. १९८७नंतर हे नाव बंद पडलं आणि २००६ मॉडेलला चार दारांनिशी परत आलं. कंपनी तेव्हा मर्सिडीज बनवणाऱ्या डेमलरच्या हाताखाली होती, म्हणून मागच्या सस्पेन्शनची रचना आणि सुरुवातीचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स मर्सिडीजकडून आले. थोडक्यात, खालून ती मोठी, जड, मागच्या चाकांवर चालणारी सेडान आहे. त्यामुळे रोजच्या वापराला ती बरी पडते.

आता माप. लांबी साधारण १९८ इंच, म्हणजे पाच मीटरच्या थोडी वर. आधी गराज मोजा, मग डीलरला फोन करा. मागे पाय ठेवायला ४० इंच जागा आहे, ती भरपूर झाली. पण छत मागे उतरत जातं, त्यामुळे उंच माणसाचं डोकं छताला टेकतं आणि दारातून आत शिरताना मान वाकवावी लागते. मधल्या सीटखाली ड्राइव्हशाफ्टचा उंचवटा आहे. दोन बाजूंना मुलांच्या सीट लावल्या की मध्ये मोठ्या माणसाने लांबचा प्रवास करू नये. आणि सासू-सासरे आल्यावर तुम्ही सहा जण होता. ही गाडी पाच जणांची आहे. टेस्ट ड्राइव्हला सासूबाईंना नक्की न्या. गुडघे दुखत असतील तर खोल सीटवरून उठायला किती त्रास होतो ते तिथेच कळेल. डिकी १६.५ घनफूट आहे, पण उंबरा उंच आहे. विमानतळावर नेता त्या बॅगा बरोबर न्या आणि ठेवून पाहा.

इंजिनांपैकी घरासाठी ३.६ लिटरचं पेंटास्टार व्ही-६ पुरेसं आहे. २९२ अश्वशक्ती काही कमी नाही. २०१५ किंवा त्यानंतरची, आठ गिअरची गाडी पाहा. ईपीए या सरकारी संस्थेच्या आकड्यांनुसार मागच्या चाकांची व्ही-६ गॅलनला सरासरी २३ मैल देते, ५.७ हेमी १९ आणि ६.४ लिटरवाली १८. वर्षाला १२,००० मैल चालवलीत तर अनुक्रमे साधारण ५२२, ६३२ आणि ६६७ गॅलन लागतील. शिवाय व्ही-६ला ८७ ऑक्टेनचं साधं गॅस (पेट्रोल) चालतं, ५.७ला कंपनी ८९ सुचवते आणि ६.४ला ९१ लागतं. खर्चाचा खरा फरक मात्र टायर आणि इन्शुरन्समध्ये पडतो. गाडी नक्की करण्याआधी तिचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) देऊन इन्शुरन्सचा आकडा मागवा. ‘चार्जर किती पडेल?’ असं मोघम विचारून काही उपयोग नाही.

व्हीआयएनचं आठवं अक्षर इंजिन सांगतं : जी म्हणजे ३.६, टी म्हणजे ५.७, जे म्हणजे ६.४, आणि ९ हा अंक असेल तर सुपरचार्ज्ड हेलकॅट, म्हणजे सगळ्यात ताकदवान चार्जर. मागे आर/टीचा (५.७ हेमीवाल्या मॉडेलचा) बिल्ला चिकटवलेल्या व्ही-६ गाड्या बाजारात सर्रास फिरतात, म्हणून हे अक्षर पाहिल्याशिवाय किमतीवर बोलू नका.

आणखी एक. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आणि ब्लाइंड स्पॉटची सूचना या गाडीत सरसकट नव्हती, पॅकेजमध्ये मिळायची. लहान मुलं आहेत, तेव्हा मूळ विंडो स्टिकर (नव्या गाडीच्या काचेवरची सोयींची यादी) मागा आणि ती पॅकेजं आहेत का ते वाचा.

न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के आहे. ‘सगळं धरून किती’ हा आकडा लेखी घ्या. टायरमधला नायट्रोजन, काचेवर कोरलेला व्हीआयएन, रंगाचं संरक्षण असली भर त्यात घातलेली असेल तर ती काढायला सांगा. डीलरकडून घेतलेली गाडी सात वर्षांपर्यंतची आणि एक लाख मैलांच्या आत असेल तर राज्याच्या कायद्याने ठरावीक वॉरंटी मिळते : २४,००० मैलांपर्यंत ९० दिवस किंवा ३,००० मैल, त्यापुढे ६०,०००पर्यंत ६० दिवस किंवा २,००० मैल, त्यापुढे ३० दिवस किंवा १,००० मैल. खासगी विक्रेत्याकडून घेतलीत तर यातलं काहीच नाही.

नेपरव्हिल, इलिनॉय : २०१६ची आर/टी पाहिली, ७८,००० मैल. सुरू केल्यावर टकटक येते. मालक म्हणतो, ‘हेमी आहे, टकटकणारच.’ खरं का?

अर्धं खरं आहे. टकटक दोन प्रकारची असते. एकीचा खर्च काहीशे डॉलर, दुसरीचा काही हजार.

पहिली एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या, बोल्टची. मॅनिफोल्ड आणि सिलिंडर हेड वेगवेगळ्या धातूंचे आहेत. तापताना आणि निवताना ते कमीजास्त प्रसरण पावतात आणि टोकाचे बोल्ट, बहुतेक वेळा मागचे, तुटतात. मग फटीतून वायू सुटतो. थंड इंजिनावर टकटक ऐकू येते आणि धातू तापून फट मिटली की काही मिनिटांत थांबते. तुटलेला बोल्ट हेडमधून काढणं किचकट असतं, पण इंजिनाला धोका नाही.

दुसरी लिफ्टर आणि कॅमशाफ्टची, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची. ५.७मध्ये कमी भार असताना चार सिलिंडर बंद करणारी यंत्रणा आहे. इंजिनात १६ लिफ्टर असतात, त्यांतले आठ या कामाचे खास. लिफ्टरच्या टोकाला रोलर असतो. त्याच्या बारीक सुयांच्या बेअरिंगला तेल पुरलं नाही की रोलर अडकतो, फिरायच्या ऐवजी घासतो आणि कॅमचा उंचवटा खाऊन टाकतो. ही टकटक इंजिन तापल्यावरही राहते, कधी वाढते. पुढे त्या सिलिंडरचा मिसफायर (इंधन नीट न जळणं) सुरू होतो. दुरुस्तीसाठी दोन्ही हेड उतरवावी लागतात, कारण त्याशिवाय लिफ्टर निघतच नाहीत. सगळे १६ लिफ्टर, कॅमशाफ्ट, गास्केटं आणि मजुरी मिळून बिल काही हजारांवर जातं. एकच लिफ्टर बदलून देतो म्हणणाऱ्या मेकॅनिकला नमस्कार करावा.

तपासायचं असं. मालकाला आदल्या दिवशी सांगा की आम्ही येण्याआधी गाडी सुरू करू नका. पोचलात की बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत या, किंवा येऊच नका. थंड इंजिन सुरू करून पंधरा मिनिटं चालू ठेवा आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या कमानींपाशी कान द्या. मीटरवरच्या स्क्रीनमध्ये ऑइलचं तापमान आणि दाब दिसतो; तापलेल्या इंजिनाचा दाब नोंदवून घ्या. मग ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावा. पी०३०० ते पी०३०८मधला कोड असेल तर तो मिसफायर. कोड एकही नाही पण रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या केलेल्या तपासण्या) अपूर्ण दाखवत असतील, तर कोणीतरी नुकतेच कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे. कारण विचाराच.

गाडी आवडलीच असेल तर मेकॅनिककडून ऑइल बदलून घ्या (५डब्ल्यू-२०, सात क्वार्ट) आणि जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडायला सांगा. चुंबकाला चिकटणारी चकाकी दिसली तर त्या गाडीची किंमत इंजिन धरून करू नका. स्पार्क प्लगही विचारा. एका सिलिंडरला दोन, असे १६ असतात, आणि ७८,००० मैलांवर पुढच्या बदलाचा खर्च फार लांब नाही.

गाडीची चाचणी खड्ड्याच्या रस्त्यावरही घ्या. पुढून ‘डग’ असा आवाज आला तर बहुतेक टेन्शन स्ट्रटचा (पुढच्या सस्पेन्शनच्या दांडीचा) बुश गेलेला असतो. त्यात द्रव भरलेला असतो, तो गळून काळा डाग दिसतो. या वजनाच्या गाडीला हे नेहमीचं आहे. घाबरायचं नाही, पण तेवढे पैसे किमतीतून उतरवून घ्यायचे.

कँटन, मिशिगन : बर्फासाठी एडब्ल्यूडीच (चारही चाकांना ताकद देणारी) हवी का?

हवीच असं नाही. थांबणं आणि वळणं टायरवर असतं, एडब्ल्यूडीवर नाही. मागच्या चाकांची व्ही-६ आणि २३५/५५आर१८ मापाचे चार विंटर टायर वेगळ्या रिमवर, हे बहुतेकांना पुरतं. तुमच्या घरासमोर चढ असेल किंवा रस्त्यावरचं बर्फ काढणारा नांगर फिरायच्या आधी पहाटे कामावर निघायचं असेल, तर एडब्ल्यूडी घ्या. ती व्ही-६बरोबर मिळते. हेमीबरोबर साध्या ग्राहकाला २०१४पर्यंतच मिळत होती. एडब्ल्यूडीत चारही टायर एकाच मेकचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. नक्षीच्या खोलीतला फरक २/३२ इंचाहून जास्त झाला तर ट्रान्सफर केसच्या (पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या पेटीच्या) क्लचवर कायम ताण येतो. दोनच टायर नवे घातलेली गाडी दिसली तर आधी बाकीच्या दोघांची खोली मोजा. वाइडबॉडी (रुंद टायरांची, फुगीर कडांची चार्जर) घ्यायचा विचार असेल तर ३०५ रुंदीचे विंटर टायर शोधून पाहा, मग ठरवा.

फ्रिस्को, टेक्सस : पोलीस लिलावात हेमीवाली चार्जर निम्म्या किमतीत मिळते आहे. मैल फक्त ६४,०००.

मैल विसरा, तास पाहा. पर्सूट या पोलिसांसाठीच्या मॉडेलच्या मीटरमध्ये इंजिनाचे एकूण तास आणि उभ्याने चालू राहिलेले तास वेगळे दिसतात. पोलिसांची गाडी एसी आणि रेडिओसाठी दिवसभर उभ्याने चालू असते. असा एक तास इंजिनाला साधारण ३३ मैलांइतका झिजवतो असा ढोबळ हिशोब धरतात. ४,००० तास असतील तर १,३२,००० मैल आणखी धरा. वर सांगितलेल्या लिफ्टरच्या आजाराचं मूळही उभ्या इंजिनाच्या ऑइलच्या कमी दाबात आहे असं बरेच जण मानतात, म्हणजे इथे ती शक्यता जास्त. ब्रेक आणि कूलिंग दणकट असतात हे खरं, पण छताला अँटेनाची भोकं, कापलेल्या वायरी, मागे कडक सीट. आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगवर. छंद म्हणून घ्या. मुलांना शाळेत सोडायला नको.

शिकागो : ६.४ लिटरची स्कॅट पॅक घेतो आहे, अपार्टमेंटच्या उघड्या पार्किंगमध्ये लावावी लागेल. चोरीची भीती कितपत?

बरीच. एचएलडीआय या इन्शुरन्स संशोधन संस्थेने २०२३मध्ये दिलेल्या आकड्यांत चार्जर हेलकॅटच्या चोरीचे दावे सरासरी गाडीच्या साठपटीहून जास्त होते. तुमची स्कॅट पॅक म्हणजे हेलकॅट नव्हे, पण चोरांचं लक्ष तिच्याकडेही असतं. ते आत शिरून प्रोग्रॅमर यंत्राने नवी चावी बनवतात. २०२१मध्ये कंपनीने २०१५पासूनच्या ६.४ आणि हेलकॅट गाड्यांसाठी डीलरकडून बसवून घ्यायची प्रणाली आणली : चार अंकी कोड टाकला नाही तर इंजिन ६७५ आरपीएमच्या पुढे जात नाही. ती बसवली आहे का ते व्हीआयएनवरून डीलर सांगेल. त्यापाठोपाठ चावी बनवणं अडवणारं कुलूपही आलं. दोन्ही करून घ्या. ओबीडी पोर्टला धातूचं झाकण आणि स्टिअरिंगला साधी लोखंडी दांडी हे उपाय स्वस्त आहेत आणि चालतात. एवढं करूनही इन्शुरन्सचा आकडा ऐकून मन बदललं तर व्ही-६ जीटी पाहा.

बेकर्सफील्ड, कॅलिफोर्निया : बजेट कमी आहे. २००८ची चार्जर एसएक्सटी स्वस्तात मिळते. घ्यावी?

आधी एनएचटीएसए या अमेरिकेच्या वाहनसुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर व्हीआयएन टाका. २००५ ते २०१०च्या चार्जर, मॅग्नम, चॅलेंजर आणि क्रायस्लर ३००मधल्या टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅग न बदललेल्या गाड्या चालवूच नका, असा इशारा कंपनीने नोव्हेंबर २०२२मध्ये दिला. बदलण्याचं काम फुकट करून मिळतं, पण ते झाल्याचा कागद दिसेपर्यंत टेस्ट ड्राइव्हही घेऊ नका. २०१२ ते २०१४च्या आठ गिअरवाल्या गाडीत गिअरचा दांडा दर वेळी मधल्या जागी परत येतो. गाडी पार्कमध्ये आहे समजून लोक उतरले आणि गाडी घरंगळली, म्हणून २०१६मध्ये रिकॉल (कंपनीने दोष दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणं) निघाला. तेही काम झालं आहे का ते पाहा. बजेट ताणता येत असेल तर ते २०१५च्या व्ही-६पर्यंत ताणा.

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स : आमच्या २०१५ व्ही-६चं ऑइल कमी होतं, पण खाली डाग नाही. गाडी विकावी का?

लगेच नको. पेंटास्टारच्या दोन सिलिंडर ओळींमध्ये, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, ऑइल फिल्टर आणि कूलरचं प्लास्टिकचं घर असतं. ते तडकतं किंवा त्याची सील सुकते. ऑइल आधी त्या दरीत साचतं, भरल्यावर इंजिनाच्या मागून गिअरबॉक्सवर उतरतं. मग काही मेकॅनिक मागची मुख्य सील गेली असं सांगून भलतंच काम काढतात. आधी दरीत टॉर्च मारून पाहायला सांगा. दुरुस्तीसाठी वरचा आणि खालचा इनटेक काढावा लागतो. तो उघडलेलाच असतो तेव्हा सहा स्पार्क प्लगही बदला, दुसऱ्यांदा मजुरी लागणार नाही. घर ॲल्युमिनियमचं बसवून घ्या. पुढच्या प्रत्येक ऑइल बदलाला फिल्टरचं झाकण टॉर्क रेंचने २५ न्यूटन मीटरलाच आवळायला सांगा. हाताच्या अंदाजाने करकचून आवळल्यानेही ही घरं तडकतात. कूलंट भरताना डबा वाचा : २०१३पासूनचं जांभळं ओएटी आणि त्याआधीचं एचओएटी एकत्र करू नये.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया : दोन वर्षांत पुण्याला परततो आहोत. चार्जर बरोबर नेता येईल?

नाही. भारतात आयात होणाऱ्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे असावं लागतं, आणि वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नाही. चार्जर कारखान्यातून उजव्या स्टिअरिंगची निघालीच नाही. तेव्हा दोनच वर्षं चालवायची या हिशोबाने घ्या : कर्ज लहान ठेवा, सर्व्हिसच्या पावत्या एका फाइलमध्ये लावा, सायलेन्सर किंवा ट्यून बदलू नका. विकताना टायटल (मालकीचा कागद) सही करून द्या आणि त्याच दिवशी डीएमव्हीला (गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याला) मालकी सोडल्याचं कळवा, नाहीतर पुण्याच्या पत्त्यावर टोलची बिलं येत राहतील.